काडीकचऱ्यापासून जिवाणूंकरवी हायड्रोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर येणारे प्रश्न बरेचसे सारखेच असतात, वेगळी असते ती विचारणाऱ्याची अपेक्षा. कुणाला पाचटावर गाडी पळवायची असते, कुणाला प्रकल्प अहवाल लिहायचा असतो, कुणाला नुसतं कुतूहल असतं. घाईत असाल तर प्रश्न ८ आधी वाचा. बाकीच्या बऱ्याच शंकांचं उत्तर तिथल्या हिशेबात आहे.

१. काडीकचऱ्यापासून हायड्रोजन बनतो म्हणजे नक्की काय होतं?

काड, पाला, साली, चोथा या सगळ्यांत साखर असते. थोडी मोकळी, बाकीची सेल्युलोज, हेमिसेल्युलोज किंवा स्टार्चच्या लांब साखळ्यांत अडकलेली. हवा बंद केलेल्या टाकीत काही जिवाणू ही साखर फोडतात आणि ॲसिटिक, ब्युटिरिक अशी आम्लं, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन बाहेर टाकतात. वायू टाकीच्या माथ्यावर जमतो, आम्लं पाण्यात राहतात. उजेड लागत नाही म्हणून याला अंधारातलं किण्वन (आंबवणं) म्हणतात. दुसऱ्याही पद्धती आहेत (प्रश्न ५), पण कचऱ्यासाठी सुरुवात बहुधा इथूनच होते.

२. पण जिवाणू हायड्रोजन सोडतात कशाला? त्यांचा काय फायदा?

साखर फोडून ऊर्जा मिळवताना इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ते कुठेतरी ठेवावे लागतात. श्वास घेणारे जीव ते ऑक्सिजनच्या हवाली करतात. ऑक्सिजनच नसेल तिथे काही जिवाणू ते पाण्यातल्या प्रोटॉनवर ढकलतात आणि हायड्रोजन वायू तयार होतो. त्यांच्या दृष्टीनं ही निव्वळ अडगळ काढणं आहे. इंधन आपण म्हणतो.

हे काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) हायड्रोजनेज म्हणतात. मार्जरी स्टीफन्सन आणि लिओनार्ड स्टिकलँड यांनी १९३१ मध्ये ते नाव दिलं. त्याच्या गाभ्याशी लोह असतं, काही प्रकारांत लोहासोबत निकेल. लोहवाल्या प्रकाराचा वेग दांडगा, पण ऑक्सिजनचा वारा लागला की तो निकामी होतो. टाकी हवाबंद ठेवण्याचा एवढा आग्रह त्यासाठीच.

३. हे गोबरगॅससारखंच झालं की. वेगळं काय?

वाट तीच, फक्त अर्ध्यावर थांबायचं. गोबरगॅसच्या टाकीतही आधी साखरेची आम्लं होतात आणि हायड्रोजन निघतो. पण तिथं मिथेन करणारे सूक्ष्मजीव असतात. ते हायड्रोजन तयार होताक्षणी खाऊन टाकतात आणि ॲसिटिक आम्लाचाही मिथेन करतात. म्हणून गोबरगॅसमध्ये हायड्रोजन जवळपास सापडत नाही.

हायड्रोजन हवा असेल तर या मंडळींना टाकीबाहेर ठेवावं लागतं. त्यांच्या दोन खोडी कामी येतात: आम्लता त्यांना सोसत नाही आणि त्यांची वाढ हळू असते. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) ५.५ च्या आसपास ठेवला आणि टाकीतलं द्रव दर ६ ते १२ तासांनी बदलत राहिलं, तर ते वाढण्याआधीच वाहून जातात. गोबरगॅसला मात्र सामू ७ च्या आसपास आणि काही आठवड्यांचा मुक्काम लागतो.

४. जिवाणू कोणते? विकत आणावे लागतात का?

अंधारातल्या किण्वनात सर्वांत कामाचं कुळ क्लॉस्ट्रिडियम. क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमवर भरपूर अभ्यास झालेला आहे. एन्टेरोबॅक्टर गटातले जिवाणू थोडा ऑक्सिजन सोसतात, शिवाय उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकीची हवा साफ करून देतात, म्हणून दोघांची जोडी लावतात. उष्ण टाकीसाठी थर्मोटोगा आणि कॅल्डिसेल्युलोसिरप्टर आहेत. कॅल्डिसेल्युलोसिरप्टर ७० अंशांच्या आसपास वाढतो आणि सेल्युलोजवर स्वतःच हात घालतो.

कचऱ्यासाठी शुद्ध वाण क्वचितच टिकतो, कारण कचरा आपले पाहुणे घेऊनच येतो. त्यामुळे चालू गोबरगॅस टाकीतला गाळ, शेण किंवा कंपोस्ट हेच विरजण म्हणून घेतात आणि आधी ते १०० अंशांच्या आसपास अर्धा ते दोन तास तापवतात. मिथेन करणारे मरतात, क्लॉस्ट्रिडियम मात्र बीजाणूच्या रूपात वाचतं आणि थंड झाल्यावर पुन्हा उगवतं. विकत काही आणावं लागत नाही. मात्र एकदा तापवलं म्हणजे कायमचं काम झालं, असंही नाही (प्रश्न १२).

५. प्रकाशातलं किण्वन, शेवाळ, विजेवरचे जिवाणू असंही वाचलं. यातलं कोणतं चांगलं?

कचऱ्यासाठी अंधारातलं किण्वन. वेग जास्त, टाकी साधी, उन्हावर अवलंबून नाही. उणीव एकच आणि ती मोठी: इलेक्ट्रॉनांचा हिशेब केला तर साखरेतली दोन तृतीयांश किंवा जास्त शिदोरी आम्लांतच अडकून राहते.

ती सोडवायला दोन वाटा आहेत. ऱ्होडोबॅक्टर किंवा ऱ्होडोस्यूडोमोनाससारखे जांभळे जिवाणू उजेडात ॲसिटिक आम्ल खाऊन हायड्रोजन सोडतात. जांभळ्या जिवाणूंचा हा गुण गेस्ट आणि कामेन यांनी १९४९ मध्ये दाखवला. तो हायड्रोजन नायट्रोजन स्थिर करणाऱ्या विकरातून येतो. द्रवात अमोनिया असला की हे विकर काम थांबवतं, आणि शेतीच्या कचऱ्याच्या पाण्यात अमोनिया असतोच. शिवाय उजेड आत पोचवायला उथळ, पारदर्शक आणि लांबरुंद टाक्या लागतात. प्रयोगशाळेत देखणं, शिवारात जिकिरीचं.

दुसरी वाट सूक्ष्मजैविक विद्युतघटाची. इथं जिओबॅक्टरसारखे जिवाणू आम्लं खाऊन इलेक्ट्रॉन थेट विद्युताग्राला (इलेक्ट्रोडला) देतात. वरून थोडं विद्युतदाब दिलं की दुसऱ्या टोकाला हायड्रोजन निघतो. २००५ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. पाण्याचं विघटन करायला सिद्धांतानं १.२३ व्होल्ट लागतात. इथं प्रत्यक्षातही ०.३ ते ०.८ व्होल्टवर भागतं, कारण बाकीचा जोर आम्लांतून येतो. माझा कल याच वाटेकडे आहे, पण विद्युताग्रं महाग आहेत, मोठ्या घटात मिथेनवाले पुन्हा शिरकाव करतात, आणि प्रयोगशाळेतल्या घटाचा वेग मोठ्या टाकीत मिळत नाही.

हिरवं शेवाळ पाणी फोडून हायड्रोजन देतं. त्याला कचरा लागतच नाही, म्हणून ते या पानाच्या कक्षेबाहेर.

६. कोणता कचरा चालतो, कोणता चालत नाही?

ओला, साखर किंवा स्टार्च असलेला कचरा सर्वांत सोपा: सडकी फळं, साली, बटाटा-मक्याच्या प्रक्रियेतलं पाणी, मळी, ताकनिवळ. हे जवळजवळ थेट टाकीत जातं. ताजा चोथा मधला, कारण त्यात थोडी मोकळी साखर असते. गव्हाचं काड, भाताचा पेंढा, मक्याची ताटं, पाचट यांना पूर्वतयारी लागते (प्रश्न ७). पराट्या, तुराट्या, शेंगांची टरफलं, नारळाच्या करवंट्या यांत लिग्निन इतकं की जिवाणूंच्या नादी न लागता त्यांचं दुसरं काही करावं. गॅसिफायरला, म्हणजे कमी हवेत तापवून वायू करणाऱ्या भट्टीला, तसलं कोरडं, लाकडासारखं इंधनच आवडतं.

नुसतं शेण किंवा कोंबडीखत या कामाला कमजोर. जनावरानं साखर आधीच वापरलेली असते आणि नायट्रोजन भरपूर असतो. काडाच्या जोडीला मात्र थोडं शेण उपयोगी पडतं. नायट्रोजन, लोह आणि निकेल त्यातून मिळतात, आणि सामू घसरताना ते जरा सावरून धरतं.

७. काड बारीक करून थेट टाकीत टाकलं तर?

थोडा वायू येईल आणि मग टाकीत तरंगणारी काडाची गादी तेवढी उरेल.

काडात ढोबळमानानं ३५ ते ४५ टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि १५ ते २५ टक्के लिग्निन असतं. लिग्निन हवेविना जवळपास पचत नाही आणि बाकी दोघांना लपेटून बसतं. भाताच्या पेंढ्यात वर सिलिकाही असते. हे वेष्टन उघडणं म्हणजे पूर्वतयारी: दळणं, वाफेत दाबून एकदम मोकळं सोडणं, सौम्य आम्लात शिजवणं, अल्कलीत भिजवणं, त्यानंतर सेल्युलेज विकरं वापरून साखर सुटी करणं.

गोम अशी की जास्त शिजवलं तर साखरेचंच फरफ्युरल आणि हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल होतं, लिग्निनमधून फिनॉलयुक्त पदार्थ सुटतात, आणि दोन्ही जिवाणूंना मारक. आम्लात शिजवलेला रस दिसायला मस्त तपकिरी आणि साखरेनं भरलेला असतो, पण टाकीत घातल्यावर जिवाणू गप्प. अल्कलीनं लिग्निन बरंच निघतं आणि असे पदार्थ कमी होतात, पण नंतर ती अल्कली धुवायला पाणी लागतं. सगळीकडे चालेल अशी एकच पद्धत नाही. या तंत्रातला बहुतेक खर्चही जिवाणूंच्या टाकीपेक्षा तिच्या आधीच्या टप्प्यावर होतो.

८. एक किलो कचऱ्यातून हायड्रोजन किती मिळतो?

आधी शुद्ध ग्लुकोज घेऊ. त्याचं सगळं ॲसिटिक आम्ल झालं तर एका रेणूमागे हायड्रोजनचे ४ रेणू मिळतात, सगळं ब्युटिरिक झालं तर २. अंधारातल्या किण्वनाचं हे छप्पर आहे. साखर पूर्ण फोडली असती तर १२ मिळाले असते. किलोच्या भाषेत १ किलो ग्लुकोजमागे छप्पर ४४ ग्रॅम, शून्य अंश तापमानाला सुमारे ५०० लिटर. मिश्र जिवाणूंच्या चालू टाकीत १ ते २.५ रेणू पदरात पडतात.

आता काड. १ किलो कोरड्या काडात ६०० ग्रॅम सेल्युलोज-हेमिसेल्युलोज धरू. पाणी जोडलं जाऊन त्याची साधारण ६६० ग्रॅम साखर होऊ शकते. पूर्वतयारीतून त्यातली ७० टक्के हाती आली तर ४६० ग्रॅम. रेणूमागे २ या दरानं हायड्रोजन सुमारे १० ग्रॅम.

१० ग्रॅममध्ये १.२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे विजेच्या एका युनिटचा एक तृतीयांश. मूळ काडात मात्र १५ मेगाज्यूलच्या आसपास होती. म्हणजे हायड्रोजनच्या रूपानं ८ टक्के परत आली. बाकी आम्लांत, लिग्निनमध्ये, न सुटलेल्या साखरेत आणि जिवाणूंच्या शरीरात राहिली.

गाडीच्या भाषेत: फ्युएल सेलवरची (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटावरची) मोटार १ किलो हायड्रोजनवर साधारण १०० किलोमीटर जाते. १ किलो हायड्रोजनला वरच्या हिशेबानं १०० किलो कोरडं काड. किलोमीटरला किलो काड, असं लक्षात ठेवायला सोपं.

९. मग सरळ मिथेनच करावा ना?

नुसती ऊर्जा हवी असेल तर हो. त्याच ४६० ग्रॅम साखरेचा सिद्धांतानं १७० लिटर मिथेन होतो, त्यात ६ मेगाज्यूल ऊर्जा. हायड्रोजनच्या पाचपट. हे सांगायला हायड्रोजनची पत्रकं कचरतात.

पुढची गोष्ट आणखी अवघडल्यासारखी. हायड्रोजनच हवा असेल तरीही गोबरगॅस करून, तो गंधकमुक्त करून, वाफेसोबत ८०० ते ९०० अंशांवर निकेलच्या उत्प्रेरकावरून नेला, तर मिथेनच्या एका रेणूतून ४ हायड्रोजन निघू शकतात. एका ग्लुकोजचे ३ मिथेन, त्यांचे कागदोपत्री १२ हायड्रोजन. भट्टी तापवायला काही मिथेन जाळावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात कमी. तरीही अंधारातल्या किण्वनाच्या दोनपेक्षा खूपच जास्त.

तर मग जिवाणूंकडून थेट हायड्रोजन का घ्यायचा? भट्टी लहान प्रमाणात परवडत नाही. किण्वन तासांत होतं, म्हणून टाकी लहान लागते. आणि मुख्य म्हणजे हायड्रोजनची टाकी मिथेनच्या टाकीपुढे पहिला टप्पा म्हणून जोडता येते: पहिलीत हायड्रोजन, तिथली आम्लं दुसरीत जाऊन मिथेन. आम्लं आधीच तयार असल्यानं दुसरी टाकी जास्त वेगानं आणि स्थिरपणे चालते. आज कुणी शेतमाल प्रक्रियेच्या ठिकाणी काही उभारत असेल, तर मी हीच जोडटाकी सुचवेन. एकट्या हायड्रोजनची टाकी उभारून आम्लाचं पाणी नाल्यात सोडणं म्हणजे दूध फेकून साय ठेवणं.

१०. बातमीत छापलेले आकडे तुमच्या आकड्यांपेक्षा खूप मोठे असतात. खोटे असतात का?

बहुतेकदा खोटे नसतात, वेगळ्या मापानं मोजलेले असतात. विचारायचं ते हे. प्रति किलो म्हणजे कशाचा किलो? साखरेचा, कोरड्या काडाचा, सेंद्रिय घन भागाचा, की ओल्या कचऱ्याचा? लिटर म्हणजे वायूचे सगळे, की त्यातल्या हायड्रोजनचे? साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. प्रयोग बाटलीत एकदाच झाला, की महिनोन्‌महिने चालणाऱ्या टाकीत? आणि पूर्वतयारीची वाफ, आम्ल, विकरं, घुसळणीची वीज हिशेबात धरली का?

फक्त अंधारातल्या किण्वनातून ग्लुकोजमागे ४ पेक्षा जास्त रेणू मिळाल्याचा दावा दिसला, तर मोजमापात चूक आहे किंवा वायू दुसऱ्या कशातून येतोय. निव्वळ वेगाचे आकडेही जपून वाचा. "रोज टाकीच्या आकारमानाच्या इतक्या पट वायू" हा आकडा पातळ साखरेच्या पाण्यावर सहज फुगतो.

११. तापमान आणि सामू किती ठेवायचा?

सामू ५ ते ६. साडेचारच्या खाली गेला की काही क्लॉस्ट्रिडियम हायड्रोजनचा नाद सोडून ब्युटेनॉल आणि ॲसिटोन करू लागतात. पहिल्या महायुद्धात ॲसिटोनसाठी हेच मुद्दाम केलं गेलं होतं.

तापमान ३५ ते ४०, ५५ ते ६० किंवा ७० च्या पुढे, जिवाणूंप्रमाणे. गरम टाकीत उतारा चांगला मिळतो, ७० अंशांवर ४ च्या जवळही पोचतो, आणि उपरे जंतू कमी. पण तापवण्याचा खर्च बघा. १ किलो काड २० किलो पाण्यात कालवून ते पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला सव्वा मेगाज्यूल लागतात. प्रश्न ८ मधला अख्खा हायड्रोजन एवढ्यातच संपला. बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यावर आत येणारं थंड पाणी तापवून घेतलं, किंवा शेजारच्या कारखान्याची वाया जाणारी उष्णता मिळाली, तरच ७० अंशांचं नाव काढावं.

१२. सुरुवातीला हायड्रोजन भरपूर आला, आठवड्या-दोन आठवड्यांत बंद पडला. काय बिघडलं?

टाकी चालवणाऱ्यांकडून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. वायूत काय आलं ते पाहून निदान करा.

मिथेन दिसू लागला असेल, तर मिथेनवाले परतले आहेत. सामू खाली आणा, मुक्कामाचा काळ कमी करा. टाकीच्या भिंतीवर किंवा आतल्या जाळीवर साचलेल्या थरात ते वाहून न जाता टिकतात, तेही बघा.

मिथेन नाही, हायड्रोजन घटला आणि ॲसिटिक आम्ल वाढलं, तर संशय होमोॲसिटोजेन जिवाणूंवर. ते ४ हायड्रोजन आणि २ कार्बन डायऑक्साइड घेऊन एक ॲसिटिक आम्ल करतात. यातले काही बीजाणू करतात, म्हणून तापवूनही वाचतात. वायू टाकीत साठू न देता लगेच काढून घेणं, हाच त्यातल्या त्यात उपाय.

लॅक्टिक आम्ल वाढलं असेल, तर लॅक्टिक जिवाणूंनी साखर पळवली आहे. साली आणि फळांवर ते मुबलक असतात. थोडं लॅक्टिक आम्ल चिंतेचं नाही, काही क्लॉस्ट्रिडियम ॲसिटिकच्या सोबतीनं त्यातूनही हायड्रोजन काढतात. पण साखर आधीच संपलेली असेल तर ताजा कचरा आत टाकण्याआधी तापवून घ्यावा लागतो.

यातलं काहीच नसेल, तर दाब मोजा. हायड्रोजन द्रवात आणि माथ्यावर साचला की जिवाणूंना आणखी हायड्रोजन सोडणं जड जातं. काही इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत तर वातावरणाच्या दाबाच्या हजाराव्या भागाएवढा हायड्रोजनही अडवायला पुरतो. मग ते ब्युटिरिक, लॅक्टिक, अल्कोहोल अशा वाटा धरतात. घुसळण वाढवणं आणि माथ्यावरचा दाब हलका ठेवणं उपयोगी. नायट्रोजन फुंकल्यानं उतारा वाढतो खरा, पण नंतर तोच नायट्रोजन वेगळा करत बसावं लागतं.

१३. टाकीतला वायू थेट सिलिंडरमध्ये किंवा गाडीत भरता येतो का?

नाही. त्यात ४० ते ६० टक्के हायड्रोजन, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. बर्नरवर तो जळेल. गाडीतल्या फ्युएल सेलसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक ९९.९७ टक्के शुद्धता मागतं. कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भाग आणि गंधक ०.००४ भाग, यापुढे चालत नाही.

कार्बन डायऑक्साइड अल्कलीत धुऊन, पटलातून गाळून किंवा दाब बदलून वायू शोषणाऱ्या स्तंभात अडवून काढतात. नंतर ३५० किंवा ७०० बारपर्यंत दाबायचं, त्यात मूळ ऊर्जेचा दहावा हिस्सा किंवा जास्त खर्च. छोट्या प्रकल्पानं गाडीच्या मागे न लागता वायू जागेवरच वापरावा. मिथेनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळला तर इंजिनात ज्वलन स्वच्छ होतं आणि शुद्धतेचा एवढा काचही राहत नाही.

१४. उरलेलं पाणी खत म्हणून शेतात सोडलं तर चालेल?

थेट नको. ते आम्लधर्मी असतं, घाण वास मारतं, आणि त्यातली आम्लं कोवळ्या मुळांना जाळतात. मिथेनच्या टाकीतून गेल्यावर (प्रश्न ९) ती आम्लं संपतात, आणि नायट्रोजन, स्फुरद, पालाश तसेच राहतात, कारण वायूत मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात. पूर्वतयारीत सोडियम हायड्रॉक्साइड वापरला असेल तर सोडियम जमिनीत साचेल. खत करायचंच असेल तर पोटॅशियमची अल्कली किंवा चुना वापरा.

१५. घरी ड्रममध्ये करून बघू का?

जिवाणूंच्या बाजूनं अडचण नाही, वायूच्या बाजूनं आहे. हवेत ४ ते ७५ टक्के या एवढ्या रुंद पट्ट्यात हायड्रोजन पेट घेतो. मिथेनचा पट्टा ५ ते १५ टक्के. ठिणगी ०.०२ मिलिज्यूलची पुरते, कपड्याच्या घर्षणाची वीज त्याहून मोठी असते. ज्योत दिवसा दिसत नाही, वायूला वास नाही. तो हलका असल्यानं उघड्यावर झटकन वर जातो, पण छताखाली साठतो. जोडीला येणारा हायड्रोजन सल्फाइड विषारी. जास्त झाला की नाक बधिर करतो, म्हणजे वास थांबला म्हणून धोका टळला असं नाही. कार्बन डायऑक्साइड जड, तो टाकीच्या तळाशी बसतो. रिकाम्या टाकीत डोकं घालून पाहू नये.

शाळा-कॉलेजच्या प्रयोगाला अर्ध्या लिटरची बाटली, उघडी हवेशीर जागा आणि शिक्षक पुरेत. ड्रम नको.

१६. माझ्याकडे गोबरगॅसची टाकी आहे. तिच्यातूनच हायड्रोजन काढता येईल?

तीच टाकी बदलू नका. चांगल्या बसलेल्या टाकीचा सामू मुद्दाम पाडलात तर मिथेन जाईल आणि हायड्रोजनही बेताचाच मिळेल. तिच्या आधी एक छोटी टाकी जोडा, मोठीच्या दहाव्या भागाहूनही लहान. नवा कचरा आधी तिथं जाऊ द्या. मोठ्या टाकीतला अल्कधर्मी द्रव थोडा मागे फिरवला तर छोटीचा सामू सांभाळायला चुना कमी लागतो. मात्र त्या द्रवाबरोबर मिथेनवालेही येतात, म्हणून तो तापवून फिरवा.

१७. पीक वर्षातून एकदा निघतं. टाकी बारा महिने कशी चालवायची?

कोरडं काड रचून ठेवता येतं, पाऊस लागला नाही म्हणजे झालं. ओल्या ताटांचा मुरघास करा. त्यात काही साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि उतारा थोडा घटतो, पण सडण्यापेक्षा बरं. कचरा बदलताना एका दिवसात बदलू नका, जिवाणूंची वस्ती नव्या खाद्याला सावकाश जुळते. टाकी बंद ठेवावीच लागली तर क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू टिकतात. विद्युतघटातले जिवाणू मात्र उपाशी ठेवले तर पुन्हा उभे राहायला वेळ घेतात.

१८. कार्बन डायऑक्साइड निघतोच, मग याला हरित कसं म्हणायचं?

तो कार्बन पिकानं अलीकडेच हवेतून घेतलेला असतो, म्हणून जमिनीखालच्या इंधनासारखा नव्यानं मोजत नाहीत. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन करताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याच्याशी तुलना करा. पण "हरित" हे आपोआप लागणारं विशेषण नाही. काड गोळा करायचं डिझेल, वाफेचं इंधन, विकरांचा कारखाना हे सगळं मोजावं लागतं. दुसऱ्या टाकीतून मिथेन गळला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. थोडीशी गळतीही सगळा फायदा गिळू शकते.

१९. सगळं काड टाकीत नेलं तर जमिनीचं काय?

सगळं नेऊ नका. काडातलं लिग्निन जमिनीत सावकाश कुजून सेंद्रिय कर्ब टिकवतं, आणि आच्छादन ओल धरतं. टाकीतून उरलेला चोथा आणि गाळ परत गेला तर बराचसा पालाश व स्फुरद परत येतो, लिग्निनही. किती उचलायचं हे जमिनीच्या उतारावर आणि कर्बावर ठरतं. आधीच जे काड जाळलं जातं, तिथून सुरुवात करणं शहाणपणाचं.

२०. जनुकांत बदल करून ४ चं छप्पर मोडता येणार नाही का?

अंधारात, बाहेरून ऊर्जा न देता, फारसं नाही. बदल करून लॅक्टिक आणि अल्कोहोलच्या वाटा बंद करता येतात, म्हणजे जिवाणू २ वरून ४ कडे सरकतो. ४ च्या पुढे जायचं तर ॲसिटिक आम्ल फोडावं लागतं. त्याला बाहेरून जोर लागतो, उजेडाचा किंवा विजेचा (प्रश्न ५). शिवाय पुष्कळ हायड्रोजन सोडणारा जिवाणू सहसा हळू वाढतो. मिश्र कचऱ्याच्या उघड्या टाकीत हावरट शेजारी त्याला सहज मागे टाकतात.

२१. कचऱ्यात फवारणीचे अंश, मीठ, लिंबू-संत्र्याच्या साली असतील तर?

लिंबूवर्गीय सालींतलं लिमोनीन जिवाणूंना मारक आहे. आधी वाफेनं काढून घ्या, ते तेल म्हणून विकलंही जातं. तांबंयुक्त बुरशीनाशक, उपचार चालू असलेल्या जनावरांच्या शेणातली प्रतिजैविकं आणि जास्त मीठ यांनी टाकी मंदावते. कोंबडीखतातला अमोनिया प्रकाशातल्या किण्वनाला सर्वाधिक नडतो. शंका असेल तर नवा कचरा आधी छोट्या बाटलीत, जुन्या कचऱ्याच्या शेजारी ठेवून पाहा. दोघांच्या वायूत फरक पडला की समजलंच.

२२. टाकी फसफसतेय, सामू ठीक आहे, तरी मीटरवर हायड्रोजन फारच कमी. कुठे जातोय?

आधी नळ्या तपासा. सिलिकॉनच्या नळीतून हायड्रोजन आरपार निघून जातो आणि फेस लावूनही ती गळती दिसत नाही, कारण भोक नसतंच. वायूत नायट्रोजन-ऑक्सिजन दिसत असेल तर हवा आत येतेय. पाण्यावर वायू गोळा करत असाल तर कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून एकूण आकडा कमी दिसतो. आम्ल घातलेलं मिठाचं पाणी वापरा. घुसळण बंद असेल तर बराच हायड्रोजन द्रवातच अडकलेला असू शकतो.

हे सगळं ठीक असेल तर आम्लं मोजून घ्या. ॲसिटिक आणि ब्युटिरिक जास्त असूनही हायड्रोजन नसेल तर तो तयार होऊन कुणीतरी खातंय (प्रश्न १२). लॅक्टिक किंवा प्रोपिओनिक जास्त असेल तर तो मुळात तयारच होत नाहीये, कारण लॅक्टिकच्या वाटेवर हायड्रोजन सुटत नाही आणि प्रोपिओनिकच्या वाटेवर उलट खर्च होतो. अशा वेळी नळ्या बदलून उपयोग नाही. विरजण नव्यानं तापवून टाकी पुन्हा सुरू करा.